गासहून येणारा आवाज

माझं इंजिनिअरिंग सुरू झालं ते आमच्या वसईच्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलावर. लॉकडाऊन उठत आला असं सगळे म्हणत होते, पण कॉलेजं बंदच होती. प्रवेश मोबाईलवर झाला, कागदपत्रं मोबाईलवरच तपासली गेली, आणि एका सोमवारी सकाळी लॅपटॉपच्या पडद्यावर काळ्या चौकटी उमटल्या. प्रत्येक चौकटीत एकेक आद्याक्षर. हा माझा वर्ग.

घरात मी एकटीच असायचे. आई मुंबईत एका सरकारी इस्पितळात परिचारिका आणि बाबा वीजपुरवठ्याच्या कामावर. सगळं जग घरी बसलं तेव्हा या दोघांना मात्र सुट्टी नव्हती. उजाडायच्या आत दोघं निघायची. संध्याकाळी आई आली की थेट बाथरूममध्ये जायची, आणि नंतरही हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसून, मास्क लावून माझ्याशी बोलायची. "जेवलीस ना बाळा? काय शिकवलं आज?" मी सांगायला लागले की थोड्या वेळाने तिची मान पुढे झुकायची. मग मी टीव्हीचा आवाज कमी करायचे.

आम्ही मूळचे कुडाळकडचे. वसईत फ्लॅट घेतला तो माझ्या जन्माआधी, नोकरीच्या गावाजवळ परवडला म्हणून. नातेवाईक कुणी जवळ नव्हते. भावंड नाही. दिवसभरात माणसाशी बोलायचं म्हटलं तर समोरच्या काकी, त्यादेखील सेफ्टी डोअरच्या जाळीआडून. शाळेतल्या मैत्रिणी कुणी कॉमर्सला, कुणी फार्मसीला गेल्या होत्या. त्यांचे मेसेज हळूहळू वाढदिवसांपुरते उरले.

वर्गात बोलायचे फक्त शिकवणारे. प्रोग्रामिंगचे सर तरुण होते, नुकतेच लागलेले असावेत. मधूनमधून थांबून विचारायचे, "ऐकू येतंय ना सगळ्यांना?" कुणीच बोलायचं नाही. मग कुणीतरी 'यस सर' असं टाइप करायचं आणि ते पुढे सरकायचे. वर्कशॉपच्या तासाला सुतारकामाचा व्हिडिओ लावायचे. आम्ही आपापल्या घरी बसून दुसऱ्या कुणाच्या तरी हातातलं लाकूड गुळगुळीत होताना बघायचो. त्यात मला चांगले मार्क मिळाले. रंधा मी अजूनही हातात धरलेला नाही.

असाच एक तास चालू होता. सर पॉइंटर समजावत होते आणि मला काही कळत नव्हतं. एवढ्यात लॅपटॉपमधून बदकांचा कलकलाट आला. त्यामागे मोटरपंपाची घरघर, आणि एका बाईची खणखणीत हाक, "पानी आलं गो, ये लवकर!" लगेच एका मुलीचा आवाज. ती आईला काहीतरी ओरडून सांगत होती, भराभर, त्यांच्या घरच्या बोलीत. मला त्यातलं धड एक वाक्य कळलं नाही. सूर मात्र कळला. 'मी तासाला बसलेय, तुला दिसत नाही का' असा तो सूर होता. तिचा माइक चालू राहिला होता.

सर काही बोलायच्या आत चॅटमध्ये हसरे चेहरे पडू लागले. एकाने 'पानी आलं पानी' असं लिहिलं. दुसऱ्याने माइक चालू करून बदकाचा आवाज काढला. सर म्हणाले, "प्लीज, म्यूट करा." ती चौकट पडद्यावरून निघून गेली आणि त्या दिवशी परत आली नाही.

मी तासभर पॉइंटर सोडून त्या बदकांचाच विचार करत होते. आमच्या घरात त्या वेळी फ्रिजखेरीज दुसरा आवाज नव्हता.

पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकलसाठी दोघादोघांच्या जोड्या लावल्या, हजेरीच्या क्रमाने. माझ्या वाट्याला तीच आली. मी तिला मेसेज केला, 'हाय, आपण पार्टनर आहोत.' बऱ्याच वेळाने उत्तराऐवजी फोन आला.

"बघ, आधीच सांगते," ती म्हणाली. तिचा आवाज थोडा जाड होता, घाईचा. "माझ्याकडे लॅपटॉप नाही. फोनवर करते मी सगळं. तुला पार्टनर बदलून हवी असेल तर सरांना सांग. मला राग नाही येणार."

"नको," मी म्हणाले. आणि मग काय बोलावं ते न सुचून विचारलं, "बदकं तुमची आहेत?"

मला वाटलं, संपलं. मग ती हसली. "आमचीच. का, तुला पण ऐकू आली?"

ती गासची होती. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, रस्ता सोडून आत गेलं की त्यांची वाडी. केळी, भाजी, कडेने चाफा आणि मोगरा. घरात आई-वडील, खोकणारे आजोबा आणि ती. नेट फक्त मागच्या ओट्यावर नीट मिळायचं, म्हणून ती तिथे बसायची आणि तिथले सगळे आवाज तिच्यासोबत यायचे.

आम्ही कामाची एक पद्धत बसवली. प्रोग्राम कसा करायचा ते ती डोक्यात जुळवायची आणि बोलून सांगायची. मी टाइप करायची. "महिरपी कंस उघड. आत एक लूप. शून्यापासून सुरू कर. नाही, थांब, एकपासून. हां. आता ओळ संपली, सेमीकोलन दे." मी चालवून बघायची आणि आलेली एरर तिला वाचून दाखवायची. ती म्हणायची, "वरच्या ओळीत बघ, तूच काहीतरी खाल्लं असशील." बहुतेक वेळा मी खरंच एखादा कंस खाल्लेला असायचा. पॉइंटर मला सरांकडून कळला नाही तो तिच्याकडून कळला. ती म्हणाली, "अगं, चाफ्याचं झाड कुठे आहे ते मी तुला सांगितलं म्हणजे झाड दिलं का तुला? पत्ता दिला. पॉइंटर म्हणजे तो पत्ता." मी ओट्यावरून चाफ्यापर्यंत मनातल्या मनात चालत गेले आणि मला कळलं.

काम संपलं तरी फोन ठेवायची घाई दोघींना नसायची. सुरुवातीला काहीतरी बोलत राहायचो. नंतर बोलणंही थांबलं, फोन मात्र चालूच राहू लागला. ती फोन टोपलीत ठेवून कळ्या खुडायची. मी फोन ताटाशेजारी ठेवून जेवायची. मधेच ती विचारायची, "काय भाजी?" मी सांगायची, "दुधी." "ईऽ," ती म्हणायची, आणि परत पानांची सळसळ. तिच्या आजोबांचा खोकला मला वाढतोय की कमी होतोय ते कळायला लागलं. तिची आई तिच्यावर चिडली की कशावरून चिडली याचा अंदाज येऊ लागला. त्यांची बोलीही हळूहळू कानाला सवयीची झाली. तिचा चेहरा मात्र मला माहीत नव्हता. फोटोच्या जागी तिने मोगऱ्याचं फूल लावलं होतं, आणि नेट अडकेल म्हणून आम्ही व्हिडिओ कधी लावला नाही. तो बघावा असं मला वाटलंही नाही.

मग दुसरी लाट आली. आईच्या वॉर्डातल्या बऱ्याच जणींना लागण झाली, आणि तिलाही. तिला तिथेच ठेवून घेतलं. बाबांना ड्युटी सुटेना. मला बारीक ताप होता, तो साधाच निघाला, पण तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत मी आतल्या खोलीत आणि बाबा बाहेरच्या खोलीत. दिवसा बाबाही नसायचे. मी फोनवर माझ्या पार्टनरला फक्त म्हणाले की आज टाइप करायला जमणार नाही.

"का?"

"अंगात कणकण आहे. आणि आई तिकडेच आहे."

"बरं," ती म्हणाली. "फोन ठेवू नकोस. उशीजवळ ठेव."

मी तसाच ठेवला. दुपारभर त्यातून वाडीचे आवाज येत राहिले. कधीतरी मला झोप लागली. जाग आली तेव्हा फोन तापला होता, बॅटरी संपत आली होती आणि पलीकडे ती आजोबांना चहा प्या म्हणून सांगत होती.

त्यानंतर एका सकाळी खालून वॉचमनचा फोन आला, कुणीतरी पिशवी ठेवून गेलंय. मी खिडकीतून पाहिलं. गेटबाहेर भाजीचा छोटा टेम्पो उभा होता आणि शेजारी मास्क लावलेले एक गृहस्थ वर बघत होते. सातिवलीकडच्या कुठल्या तरी कँटीनला भाजी टाकायला तिचे वडील यायचे, हे तिने कधीतरी सांगितलं होतं. कुठली खिडकी माझी हे त्यांना माहीत नसणार. त्यांनी अंदाजाने हात वर केला. मीही केला. पिशवीत वांगी, पालक, आणि केळीच्या सोपात बांधलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, होती. मधासारख्या रंगाची, चिकट, गोड. आई बरी होऊन घरी आली तेव्हा तिच्यासाठी मी त्यातली काही ठेवली होती.

"कुणी पाठवली?" आईने विचारलं.

"मैत्रिणीने," मी म्हणाले. तो शब्द उच्चारून मला किती बरं वाटलं ते आईला कळलं नसेल.

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर कॉलेज उघडलं.

हायवेच्या बाजूची इमारत, लांबलचक जिने, फिनेलचा वास. सगळ्यांच्या तोंडावर मास्क. मी नवा ड्रेस घातला होता आणि डब्यात दोघींना पुरेल एवढं आणलं होतं. आदल्या दिवशी आमचं ठरलं होतं, वर्गात भेटू. वर्ग गच्च भरलेला, आणि मला तिचा चेहरा माहीत नाही. मी भिंतीला टेकून नुसती ऐकत उभी राहिले. शेवटी पाण्याच्या कूलरपाशी तो आवाज सापडला. "चल ना यार, प्रॅक्टिकलला लेट होतंय, बाद में भर बॉटल." आवाज तोच, पण बोलणं मी कधी न ऐकलेलं.

"तूच ना?" मी विचारलं.

ती वळली. मला वाटलं होतं त्याहून ती लहानखुरी होती. डोळे मोठे. तिच्यासोबत नालासोपाऱ्याहून एकाच बसने येणाऱ्या तिघी होत्या.

"अगं, तू?" ती म्हणाली. "तू किती उंच आहेस!"

"हो," मी म्हणाले.

बास. इतक्या महिन्यांत इतकं बोललो होतो, आणि आता पुढचं वाक्य दोघींनाही सुचेना. मी डबा आणलाय हे सांगायचं होतं. त्याऐवजी मी विचारलं, "बदकं कशी आहेत?" त्या तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने हसून विचारलं, "कसली बदकं?" माझ्या मैत्रिणीचे कान लाल झाले. "काही नाही गं," ती त्यांना म्हणाली, आणि मला, "भेटू ना नंतर." त्या गेल्या.

मला वाटलं, पहिला दिवस आहे. होईल नीट.

झालं नाही. प्रॅक्टिकलच्या नव्या जोड्या लावल्या, त्यात ती दुसऱ्या बॅचला गेली. तिच्याकडे वापरलेला लॅपटॉप आला. आता तिला टाइप करायला कुणी नको होतं. संध्याकाळी मी मेसेज करायची, 'आज बोलू या?' ती लिहायची, 'घरी येईपर्यंत फार उशीर होतो गं, उद्या भेटूच की कॉलेजात.' उद्या कॉलेजात ती दिसायची, हात करायची, हसायची. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त थांबायची नाही.

बाकीच्या वर्गात तोवर गट पडून गेले होते. कुणी एका स्टेशनचे, कुणी एका क्लासचे, कुणी एकत्र क्रिकेट खेळणारे. माझी ओळख फक्त एका आवाजाशी होती. मधल्या सुट्टीत मी लॅबमध्ये बसून डबा खायला लागले. लॅबच्या खिडकीतून सातिवलीचे गाळे आणि गोदामांचे पत्रे दिसायचे, दुपारच्या उन्हात चकाकणारे. प्लास्टिक वितळल्याचा वास यायचा. मी अभ्यासात वाईट नव्हते. डेटाबेस आवडला, नेटवर्किंग नाही आवडलं. प्रोग्राम लिहिताना पुटपुटायची सवय मात्र लागली होती. "कंस उघड, आत लूप." एकदा शेजारच्या मुलाने कानातला इअरफोन काढून विचारलं, "मला काही म्हणालीस?" मी नाही म्हटलं. त्याने परत इअरफोन घातला.

आईला एकदा सांगायचा प्रयत्न केला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"भांडलात का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग बोल की जाऊन."

"बोलतो की. बोलतोच आम्ही."

आईने माझ्याकडे नीट पाहिलं, मग हातातला टॉवेल बाजूला ठेवून मला जवळ घेतलं.

तिसऱ्या वर्षी, परीक्षा संपल्यावर, मी तिला मेसेज केला. 'रविवारी तुझ्याकडे येऊ का? वाडी बघायचीय.' उत्तर लगेच आलं, 'ये की.' एवढंच, पण मी रविवारपर्यंत ते पुन्हा पुन्हा वाचलं.

नालासोपारा स्टेशनबाहेरून रिक्षा केली. इमारती संपल्या तसा रस्ता अरुंद होत गेला, दोन्ही बाजूंना केळी, मधे एखादं तळं, कडेला क्रूस, पुढे देऊळ. ती वळणावर उभी होती, घरच्या गाऊनवर ओढणी घेऊन. घराच्या मागे गेलो. ओटा मला वाटलं होतं तेवढाच होता. चाफा मात्र मी कल्पनेत उजवीकडे लावला होता, तो डावीकडे निघाला.

मी काहीतरी बोलले असेन. आतून तिची आई हात पुसत बाहेर आली आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"ही तर फोनातली पोरगी!" ती म्हणाली. "आवाजावरून ओळखली मी. किती दिवस झाले गो तुझा आवाज नाही! मी हिला विचारते, ती मुलगी कुठे गेली, तर ही काही सांगत नाही."

तिने मला खाटेवर बसवलं, शहाळं फोडून दिलं, माझ्या आईची तब्येत विचारली. आजोबा गेल्या वर्षी गेले, असं ती सांगत होती. मला ते माहीतच नव्हतं. मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

आई आत गेल्यावर मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

"कॉलेजात कुणालाच नाही सांगितलं."

"मला सुद्धा?"

तिने ओढणी सारखी केली. मग म्हणाली, "तुला राग येईल. पण तू दिसलीस ना, की मला ते सगळं आठवतं. बदकं, आईचं ओरडणं, वर्ग हसला ते. तुला माझ्या घरातलं सगळं माहीत आहे. तिथे कॉलेजात मला जिच्याबद्दल कुणालाच काही माहीत नाही अशी मुलगी व्हायचं होतं. तुझ्यासमोर नाही होता येत."

"पण मला तेच आवडायचं," मी म्हणाले. "खरंच. मी त्याच्यावरच दिवस काढले."

"तुला आवडायचं गं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुला त्यात राहावं लागत नव्हतं."

शहाळ्यातलं पाणी संपलं होतं तरी मी स्ट्रॉ ओढत राहिले. ती वाईट मुलगी नव्हती, आणि ती म्हणाली ते खरं होतं. माझा दुपारचा एकटेपणा भरून काढणारे आवाज तिच्यासाठी कामं होती, कटकट होती, आजारपण होतं. ते मला त्या खाटेवर बसल्यावर समजलं. रडू रिक्षात आलं. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि गाणं बंद केलं.

निघताना तिच्या आईने भाजीची पिशवी हातात दिली होती. "येत जा," ती म्हणाली. मी परत गेले नाही.

शेवटचं वर्ष प्रोजेक्टमध्ये गेलं. कुठल्याच गटात नसलेल्या आम्हा तिघींचा मॅडमनी एक गट केला. एक भाईंदरची, मितभाषी. एक विरारची, सतत झोपाळू, कारण पहाटे उठून शिकवण्या घ्यायची. आम्ही दवाखान्यांसाठी रुग्णांच्या रांगेचं ॲप केलं. ते आईच्या इस्पितळातल्या गर्दीवरून मला सुचलं होतं. तोंडी परीक्षेत ते एकदा बंद पडलं, मग चाललं. मॅडम म्हणाल्या, "चला, सुटलात."

त्या दुपारी अख्खा वर्ग कळंबच्या किनाऱ्यावर गेला. ओहोटी होती. सगळे पाण्याकडे धावले. मी सुरूच्या सावलीत चपला सांभाळत उभी होते, तेव्हा ती आली. तिला बंगळुरूला नोकरी लागली होती, मला ऐरोलीला.

"घाबरलेय थोडी," ती म्हणाली. "कधी घर सोडून राहिले नाही."

"जमेल तुला," मी म्हणाले. "पोचलीस की फोन कर."

"करेन," ती म्हणाली. मग कुणीतरी फोटोसाठी हाका मारल्या. त्या फोटोत ती पुढच्या रांगेत आहे आणि मी मागे, उंच म्हणून.

तिने पोचल्यावर फोन केला नाही, मेसेज केला. मीही उत्तर दिलं. अजून सणासुदीला चालू असतं तेवढं.

किनाऱ्यावरून परतताना आम्ही प्रोजेक्टवाल्या तिघी एका रिक्षात होतो. ती पुढच्या रिक्षात होती. गासला उतरून तिने मागे वळून आमच्याकडे हात केला. भाईंदरची मोबाईलमध्ये फोटो बघत होती. विरारची मधल्या खड्ड्यांतून हिंदकळत झोपी गेली आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. केसांत वाळू होती, ती माझ्या मानेला टोचत होती. स्टेशन येईपर्यंत मी खांदा हलवला नाही.